आपापलं ताट

आमच्या ह्यांना घेऊन लग्नाला जायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर असे. चंद्रपूरच्या एखाद्या लॉनवर लग्न असायचं. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली, आत लांबलचक टेबलांमागे पांढऱ्या टोप्या घातलेले आचारी, सगळं कसं झकपक. आणि त्या रांगेत उभे राहून हे खांद्यावरच्या पिशवीतून स्टीलचं ताट काढायचे. घरचं, काठाला चेपलेलं. पिशवीसुद्धा माझ्याच जुन्या साडीची, गावच्या शिंप्याकडून शिवून घेतलेली. म्हणजे माझी लाज काढायला माझीच साडी कामी यायची.

"अहो, लोकं पाहून राह्यले," मी दातांतल्या दातांत म्हणायचे.

"पाहू दे ना. जेवण त्यायचं खाऊन राह्यलो, ताट तं माझं आहे. काऊन लाजतेस?"

एकदा एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, भाऊंचं काही व्रत आहे का? मी चटकन हो म्हटलं. त्या बिचाऱ्या मनोभावे ह्यांच्या पाया पडल्या, आणि ह्यांनी ताट काखेत धरून त्यांना आशीर्वाद दिला. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. हे मात्र सारखे गालात हसत होते.

मी वर्ध्याकडची. गडचिरोलीच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा गावच्या शाळेत नोकरी लागली होती आणि डोक्यात भरपूर हवा होती. आल्या आल्या शेजारच्या घरी जेवणाचं बोलावणं आलं. निघताना पाहते तर ह्यांच्या हातात ताट आणि पेला, माझ्यासाठीही एक ताट. मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. रस्त्यावर आले तर अख्खा गाव हातात ताटं घेऊन चाललेला. म्हातारे, पोरं, कडेवरच्या लेकरांची वाट्यांसकट वरात. जेवण झालं की ज्याचं ताट त्यानं घासायचं आणि घरी न्यायचं. यजमानाच्या घरी शेवटी फक्त भाताची मोठी भांडी उरत. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी तेवढ्या पळसाच्या पत्रावळी. त्या दुसऱ्या दिवशी खताच्या खड्ड्यात जायच्या.

मग हळूहळू थर्माकोल आलं. आधी पैसेवाल्यांच्या घरी आलं, म्हणून मग सगळ्यांनाच हवंसं झालं. हातात ताट घेऊन जेवायला जाणं गरिबीचं वाटायला लागलं. लग्नसराई संपली की आमच्या घरामागच्या बोडीत, म्हणजे शेताला पाणी देणाऱ्या लहानशा तळ्यात, ती पांढरी ताटं तरंगत असायची. बगळे आणि ताटं लांबून सारखेच दिसायचे. हे कमरेएवढ्या पाण्यात उतरून बांबूनं एकेक ताट काठाला ओढायचे. कुणी चिडवलं तर म्हणायचे, "मासोळ्या पकडून राह्यलो." पण त्यांना ते खरंच लागायचं. गावातल्या एका गाईच्या पोटातून प्लास्टिकचा गोळा निघाला तेव्हापासून त्यांनी गावात काय नि बाहेरगावी काय, पुन्हा स्वतःचं ताट घेऊन जायला सुरुवात केली. एकटेच. लोक हसले, मग त्यांना सवय झाली.

माणूस तसा भाषण देणारा नव्हता. घरात कधी त्यांनी पर्यावरण हा शब्द उच्चारलेला मी ऐकला नाही. भांडी घासलेलं पाणी सांदवाडीत केळीला जायचं. सांदवाडी म्हणजे आमच्याकडे घरामागची वाडी, तिथं वांगी, मिरच्या, दोन केळी आणि एक हट्टी लिंबू. अंगणात मांडव घालून त्यावर वालाचा वेल चढवलेला, म्हणून पुढच्या खोलीत दुपारी कूलर उशिरा लावला तरी चाले. भांड्यांना चुलीची राख आणि तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा बोळा. मी साबण आणला तर हे हरकत घ्यायचे नाहीत, फक्त साबणाचं पाणी घातलेल्या केळीकडे असे काही बघायचे की मीच निमूटपणे राख घ्यायचे. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद केला नाही की परत येऊन बंद करत. मला हा माणूस चिक्कू वाटायचा. खूप वर्षांनी कळलं की तो चिक्कू नव्हता, त्याला वस्तूंची माया होती. पण मी तसं त्यांना कधी सांगितलं नाही, नाहीतर आणखी शेफारले असते.

त्या ताटाचीही त्यांना मायाच. ते त्यांच्या मोठ्या बहिणीनं आमच्या लग्नात आहेर म्हणून दिलेलं. आमच्याकडे तेव्हा आहेरात भांडं द्यायचं आणि त्यावर देणाऱ्यानं स्वतःचं नाव कोरून घ्यायचं, अशी रीत होती. ताटाच्या काठावर नणंदेचं नाव, सासरच्या गावासकट, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. हे जेवायला बसले की नावाची बाजू स्वतःकडे करून बसत.

माझी नणंद गडचांदूरला असते. मी तिला बाई म्हणते, ती मला वयनी. आईवडील लवकर गेल्यामुळे तिनंच ह्यांना वाढवलेलं. तिला माहेर म्हणजे हा एक भाऊ. दोघं एकत्र बसले की फारसं बोलायचे नाहीत, बोडीच्या काठी जाऊन नुसतेच पाण्याकडे बघत बसायचे.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात हे गेले. शेतातून आले, पाणी प्यायले, वालाच्या मांडवाखाली आडवे झाले आणि उठलेच नाहीत. त्याविषयी जास्त लिहायची अजून हिंमत होत नाही.

वर्षश्राद्धाला गावजेवण घालायचं ठरलं तेव्हा आमच्या लेकीनं जाहीर केलं, "आई, बाबाच्या जेवणात थर्माकोल नाही. सगळ्यांनी आपापलं ताट आणायचं." ती चंद्रपूरला कॉलेजात शिकते आणि हट्टात बापावर गेली आहे. मला धाकधूक होती. लोक म्हणतील, मास्तरीणबाईला चार ताटं झाली नाहीत. पण ती आणि तिच्या मैत्रिणी घरोघर सांगून आल्या. आणि त्या दिवशी मी दारात उभी राहून पाहिलं, तर गल्लीच्या टोकापासून लोक येत होते, हातात ताटं घेऊन. ऊन ताटांवर पडून भिंतींवर उजेड हलत होता. मी नवी नवरी म्हणून पाहिलेला गाव मला परत दिसला. मला रडू आवरेना, मग मी कढीत मीठ बघायला म्हणून आत पळाले.

ह्यांच्यासाठी पान वाढायचं होतं. ते अर्थातच ह्यांच्याच ताटात वाढलं. वडे, भात, कढी, वांग्याची भाजी. बाईनं स्वतः वाढलं. तीही तिचं ताट घेऊन आली होती, तिनं जेवून ते घासलं आणि पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती निघाली. मी थांब्यावर सोडायला गेले. बस दिसायला लागली तशी तिनं माझा हात धरला.

"वयनी, वर्ष सरलं. इतके दिवस त्याच्या श्राद्धापाण्यासाठी येत होती. आता मी कोणाच्या नावानं येऊ इथी?"

"या ना बाई," एवढंच कसंबसं म्हटलं. ते तिला ऐकू तरी गेलं की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात कंडक्टर ओरडला आणि ती चढली. तिच्या त्या प्रश्नाला मी नीट उत्तर दिलं नाही, ही रुखरुख घेऊनच मी घरी आले.

घरी वेगळाच कारभार चालला होता. आदल्या दिवशी पोरींनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्रास नको म्हणून जवळजवळ सगळ्यांची ताटं आपणच एकत्र घासली होती. चांगुलपणाच तो. पण स्टीलची ताटं सगळी सारखी. कुणी कुणाचं उचललं, कुणी उद्या नेऊ म्हणून गेलं, आणि सांदवाडीत ताटांची एक चळत उरली. लेकीला दुपारच्या आत चंद्रपूरला परीक्षेसाठी पोहोचायचं होतं. जाता जाता तिनं मैत्रिणींना सांगितलं, "सगळ्यांवर नावं कोरलेली आहेत. नाव पाहा आणि घरी पोहोचवून द्या."

या पोरींच्या लहानपणापासून आहेरात पाकिटंच दिली जातात. ताटावरचं नाव मालकाचं नसतं, देणाऱ्याचं असतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? नावाचं ताट नाव असलेल्याच्या घरी कधीच नसतं. ते नेहमी दुसऱ्याच कुणाच्या घरी असतं, तिथंच ते शोभतं.

संध्याकाळपर्यंत गावात गहजब झाला. आमच्याकडे आहेर परत करणं म्हणजे नातं तोडणं. पोरींनी दोन सायकली घेऊन सगळ्या गावाची नाती तोडत फेरी मारली होती. पाटलाच्या आळीतल्या एका गृहस्थांनी आपल्या साळ्याच्या, म्हणजे मेहुण्याच्या लग्नात दिलेलं ताट त्यांच्याच दारात येऊन पडलं. ते तडक साळ्याच्या घरी गेले. "काऊन रे, एवढ्या वर्षांनी वापस करून राह्यला? काय बिघडवलं मी तुह्यं?" साळा बिचारा शेतातून येऊन हातपाय धूत होता, तो हातात तांब्या धरून नुसता बघत राहिला. दोन जावा एकमेकींच्या दारात उभ्या राहून आपापल्या माहेरचा उद्धार करत होत्या. फक्त एक म्हातारी खूश होती. जन्मभर लग्नाच्या घरी ताटंच दिलेली तिनं. तिच्या ओसरीवर ताटांची थप्पी लागली होती आणि ती त्यांच्यावरून हात फिरवत म्हणत होती, "पाह्य वं माय, सारे घरी आले."

मी गल्लोगल्ली फिरून लोकांना समजावत होते आणि हसू दाबत होते. शेवटी सगळा उलगडा झाला, तेव्हा चावडीसमोर असा हशा पिकला की हे असते तर लोळले असते. लोक ताटं अदलाबदल करत, जुन्या लग्नांच्या आठवणी काढत उशिरापर्यंत उभे होते. कोणतं ताट कोणत्या घरचं हे सांगायला लागलं की कुणाचं लग्न, कोणता मांडव, कोण रुसलं, सगळं निघे.

हसत हसतच घरी आले आणि फळीवर नजर गेली. ह्यांचं ताट जागेवर नव्हतं, आदल्या दिवशी घासायला तेही त्या चळतीत गेलं होतं.

मी पोरींना बोलावलं. त्यातली एक उत्साहानं म्हणाली, "मॅडम, त्यावर तं आत्याबाईचं नाव होतं. त्यायचं राह्यलं म्हणून आम्ही गडचांदूरच्या जीपमध्ये दिलं. त्यायच्या पुतण्याजवळ." बाई जीप लागते म्हणून बसनं गेली होती, पण तिच्या घरचे पाहुणे दुपारी जीपनं परतले होते, त्यांच्यासोबत ताट गेलं होतं.

गावातला गोंधळ हसण्यावारी गेला, कारण समोरासमोर बोलता आलं. पण बाईचं काय? तिचं स्वतःचं ताट तिच्या पिशवीत होतं, तिला ते पक्कं ठाऊक. वर्ष सरलं, सकाळी तिनं मला तो प्रश्न विचारला, मी नीट बोलले नाही, आणि संध्याकाळी भावाचं ताट, तिनं दिलेला आहेर, तिच्या दारात. उत्तर समजायला आणखी काय हवं?

फोन लावला. "बाई, ताट..."

"पोहचलं वयनी," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिली बस धरली. गडचिरोलीहून चंद्रपूर, तिथून गडचांदूर. रस्ताभर स्वतःशीच बडबडत होते. ह्यांच्यावरही चिडले. जिवंतपणी ताटानं माझी लाज काढली, आता गेल्यावर नणंदेच्या घरी नाक घासायला लावतायत!

बाईनं दार उघडलं, पाणी दिलं, बसा म्हणाली. पाहुण्याशी बोलावं तसं प्रवास कसा झाला विचारलं. जेवायला वाढलं ते काचेच्या प्लेटमध्ये. फुलाफुलांची, कपाटात ठेवलेली, परक्या माणसांसाठी काढतात ती. इतक्या वर्षांत त्या घरी मी कधी काचेच्या प्लेटमध्ये जेवले नव्हते. मी घास खाली ठेवला.

"बाई, ते ताट कुठे आहे?"

ती उठली आणि आतून एक गाठोडं घेऊन आली. ह्यांच्या जुन्या दुपट्ट्यात ताट बांधलेलं होतं. हा दुपट्टा तिनं कधी नेला होता मला माहीतही नव्हतं.

"दिलं होतं मी, ते वापस आलं," ती म्हणाली. डोळे कोरडे होते, तेच जास्त वाईट होतं. "तुमचं काही चुकलं नाई वयनी. भाऊ नाई तं माहेर कुठचं? पण मले तोंडानं सांगायचं होतं. मी उभ्या उभ्या आयकलं असतं."

मग मात्र माझा स्वभाव उसळून आला. मी प्लेट बाजूला सारली. "तोंडानंच सांगते, आयका! तुमच्या भावाच्या लेकीनं, तुमच्याच भाचीनं हा घोळ घातला." आणि मी तिला सगळं सांगितलं. नावं पाहून ताटं वाटणाऱ्या पोरी, तांब्या धरून उभा असलेला साळा, दारात भांडणाऱ्या जावा, ओसरीवर ताटांची थप्पी लावून बसलेली म्हातारी. बाई आधी नुसती ऐकत होती. म्हातारीपाशी आलो तशी तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, भिंतीला टेकून, अगदी ह्यांच्यासारखी, आवाज न करता खांदे हलवत. आणि हसता हसता कधी रडायला लागली ते दोघींनाही कळलं नाही. मी तिला जवळ घेतलं. या बाईवर माझा किती जीव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"बाई, मी ताट न्यायला आली," थोड्या वेळानं मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले आणि गाठोडं स्वतःकडे ओढलं. "नाई देत."

"म्हणजे?"

"एकदा घरून निघालं ते. आता असं कसं देऊ? पाहीन मी."

मी रिकाम्या हातानं परत आले. फळीवरची ती जागा मी रिकामीच ठेवली. दुसरं ताट तिथं ठेवायचा हात होईना.

पावसाळा गेला. भाताची रोवणी झाली, धान निसवलं. गावात मात्र एक गोष्ट झाली. त्या गोंधळानंतर प्रत्येक घरातलं ताट पुन्हा ओळखीचं झालं होतं. कुणाच्या बारशाला, कुणाच्या साखरपुड्याला लोक हातात ताट घेऊन निघाले की एकमेकांना चिडवायचे, "नाव पाहून घेजो रे, नाईतर सोयरीक तुटन!" त्या चिडवण्यातच ताटाची लाज गेली. बोडीत यंदा नुसते बगळेच होते. हे ह्यांना दाखवायला हवं होतं, असं रोज वाटायचं.

बाई फोनवर बोलायची. पीकपाणी विचारायची, भाचीचा अभ्यास विचारायची. येईन असं म्हणायची नाही, आणि मीही या म्हणायला कचरत होते. भाऊबीजेला मात्र मी सकाळपासून दोघींपुरतं नव्हे, तिघींचं रांधलं. लेक म्हणाली, "आत्यानं येते म्हटलं का?" मी म्हटलं, "तू गप वाटण वाट."

दुपारची बस गेल्यावर फाटक वाजलं. बाई. खांद्याला माझ्या जुन्या साडीची पिशवी, ह्यांनीच कधीतरी तिला दिलेली. ओसरीवर बसून तिनं पाणी प्यायलं, भाचीला ओवाळलं, भावाच्या जागी भाची आता, म्हणाली, आणि जेवायला हाक मारली तेव्हा पिशवीतून दुपट्ट्याचं गाठोडं काढलं. ह्यांच्या जागेवर, सांदवाडीच्या दाराकडे तोंड करून, ताटाची नावाची बाजू स्वतःकडे घेऊन बसली. मी वाढलं. वरण काठावर सांडलं. तिनं ते बोटानं पुसून खाल्लं.

जेवल्यावर मला हात लावू दिला नाही. सांदवाडीत बसून तिनं राखेनं, तणसाच्या बोळ्यानं ताट घासलं, पाणी केळीच्या बुडाशी ओतलं, पदरानं ताट कोरडं केलं आणि आत येऊन फळीवर ठेवलं, त्याच्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर मी तिला सांदवाडीतली वांगी द्यायला गेले तर तिनं रिकामी पिशवी पुढे केली.

"धान मळून झालं का तोळंबाच्या जेवणाला येते मी," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून घाईनं म्हणाली, "आता काई आणत नाई पण. ताट तं घरीच आहे ना माझं."

मी वांगी भरत राहिले. पिशवी पार भरली तरी भरत राहिले.